अंडं अडतं कुठे

लेअरच्या शेडवर बोलावणं आलं की पहिली दोन वाक्यं ठरलेली. "डॉक्टर, प्रॉडक्शन बसलं." आणि लगेच, "खाद्यात एनर्जी कमी पडत असेल का?" पहिलं वाक्य ट्रे मोजून बोललेलं असतं, त्यात वाद नाही. दुसऱ्यावर बरंच बोलण्यासारखं आहे, पण शेडमध्ये तेवढी उसंत नसते. म्हणून इथे, जसं सुचेल तसं.

*

आधी जमाखर्च. अंड्यावर असलेली कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. किलोमागे २६०० ते २७०० किलोकॅलरी धरल्या तर रोज २९० च्या आसपास किलोकॅलरी पोटात जातात. साठ ग्रॅमच्या अंड्यातून त्यातल्या सुमारे ९० बाहेर पडतात. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा रोज ट्रेमध्ये. उरलेल्यात शरीर ४१ अंशांवर ठेवायचं, श्वास, हालचाल, पिसं, सगळं. असा खर्चिक जीव आजारी पडला आणि अंडी घटली, तर माणसाच्या मनात आधी खाद्यच येणार. पण हा आकडा अख्ख्या कोंबडीचा आहे. विषाणू पेशीत शिरतो, आणि पेशीचा हिशेब निराळा असतो.

*

कवचाचा हिशेब एकदा कागदावर करून बघितला. कवच पाच-सहा ग्रॅमचं, जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. त्यात कॅल्शियम दोन ग्रॅमच्या वर. कवचग्रंथीच्या पेशीतून कॅल्शियमचा एक आयन बाहेर ढकलायला पंपाला एटीपीचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या सुट्या नाण्याचा, एक रेणू लागतो. सगळं कॅल्शियम याच पंपाने गेलं असं धरलं, तर एका अंड्याला तीनावर बावीस शून्यं इतके एटीपी. आकडा बघून छाती दडपते. पण याची किलोकॅलरीत किंमत काढली तर एकसुद्धा भरत नाही. सोडियमचे पंप, कार्बोनेट तयार करण्याची खटपट, हे सगळं धरून दहापट केली तरी २९० पुढे ती किरकोळच.

म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने कवच हा अंड्याचा सगळ्यात स्वस्त भाग. महाग आहे बलक, कारण त्यात चरबी आहे. तरी विषाणूचा आजार आला की शेडमध्ये आधी बिघडलेलं दिसतं ते बहुधा कवचच. पातळ, खरखरीत, सुरकुतलेलं, कधी नुसत्या पापुद्र्यातलं.

*

कवचच का, याचं उत्तर बहुतेक जागेत आणि वेळेत आहे. बलक सुटल्यावर अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात तो पाव-अर्धा तास असतो, पांढरा बलक चढायला तीनेक तास, पापुद्र्यांना तासाभरापेक्षा थोडं जास्त. मग कवचग्रंथीत वीसेक तास. त्यातलं कॅल्शियम भरण्याचं मुख्य काम रात्री, कोंबडी अंधारात बसलेली असताना. तिच्या रक्तात एका वेळी इतकं कमी कॅल्शियम असतं, की बाहेरून भर पडली नाही तर ते काही मिनिटांत संपेल. आतडं आणि पोकळ हाडांतला साठा मिळून रक्तात टाकत राहतात आणि कवचग्रंथीच्या अस्तराचा एक पातळ थर ते रक्तातून काढत राहतो. तासन् तास, न थांबता.

आता या थरातल्या एका पेशीकडे बघा. कोणत्याही पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी कमी ठेवावं लागतं, कारण ते वाढलं की पेशीला मरणाचाच इशारा मिळतो. ही पेशी तर कॅल्शियमची नदी स्वतःच्या अंगातून वाहून नेते. कॅल्बिंडिन नावाचं प्रथिन आयन धरून ठेवतं, पंप पलीकडे टाकतात. एटीपी कमी पडला की पंप मंदावतात, कॅल्शियम साचतं, ते मायटोकॉन्ड्रिया गिळायला लागतात. मर्यादेपलीकडे गिळलं की त्यांच्या पडद्याला भोक पडतं, ते फुगतात आणि एटीपी आणखी घटतो. स्नायूतली पेशी थोडा वेळ तुटवड्यावर निभावून नेईल. कवचग्रंथीतल्या पेशीला, तेही रात्री दोन वाजता, तशी सवलत नाही.

तेव्हा "एनर्जी कमी पडते का" याला माझं उत्तर: हो, पडते. पण गोणीत नाही, रक्तातही नाही. अस्तराच्या थरात पडते, आणि तीही ठरावीक तासांत.

*

विषाणू ऊर्जा खातो, हे वाक्य कार्यशाळांत फार ऐकू येतं. २०१७ साली अमेरिकेतल्या कॅलटेक आणि इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी हाच हिशेब मांडला होता. जिवाणूंवर वाढणारा टी-४ हा विषाणू जिवाणूच्या ऊर्जेतला साधारण तिसरा हिस्सा खातो. इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्राण्याच्या पेशीत शिरून हजारो पिल्लं काढतो, तरी त्याचा खर्च पेशीच्या एकूण ऊर्जेच्या एक टक्क्याच्या आसपास. प्राण्याची पेशी प्रचंड मोठी आणि विषाणू चिमुकला, म्हणून.

तर हा पाहुणा दोन घासच खातो, पण स्वयंपाकघर ताब्यात घेतो आणि घरच्यांची चूल विझवतो. नुकसान होतं ते त्याच्या जेवणापायी नव्हे, त्या उलथापालथीपायी. आणि काही प्रमाणात घरच्यांनी त्याला हाकलण्यासाठी केलेल्या झटापटीपायी. पुढची बरीच टिपणं या उलथापालथीवर आणि झटापटीवर आहेत, कारण त्यांच्याकडे लक्ष कमी जातं.

*

कोंबडीतला विषाणू आणि पेशीची ऊर्जा यांची गाठ पहिल्यांदा कर्करोगाच्या अभ्यासात पडली.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस याच्याकडे एक कोंबडी आली, प्लिमथ रॉक जातीची, छातीवर गाठ असलेली. त्याने गाठ वाटून, पेशीच काय, जिवाणूही अडकतील अशा गाळणीतून गाळून, तो रस दुसऱ्या कोंबड्यांना टोचला आणि त्यांनाही गाठी आल्या. हे १९११ सालचं. गाळणीतून निसटणारं ते काहीतरी म्हणजे विषाणू. नोबेल मिळालं १९६६ मध्ये, राउस तोवर सत्तऐंशी वर्षांचा झाला होता.

मला जास्त आवडतो तो पुढचा प्रयोग, कार्ल आणि गर्टी कोरी या नवरा-बायकोचा, १९२५ मधला. राउसच्या विषाणूची गाठ त्यांनी कोंबडीच्या एकाच पंखावर वाढू दिली, दुसरा पंख निरोगी. मग दोन्ही पंखांच्या शिरांतून रक्त काढून तुलना केली. गाठीकडून परत येणाऱ्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त. तीच कोंबडी, तेच खाद्य, तोच क्षण, फक्त पंख वेगळा. तुलना करायला दुसरी कोंबडी लागलीच नाही. आज प्रयोगशाळेत लाखोंची यंत्रं बघतो तेव्हा या दोन पंखांची आठवण येते. इतका नेटका नमुना क्वचित.

त्याच सुमारास जर्मनीत ऑटो वारबुर्ग गाठीच्या पेशींबद्दल तेच सांगत होता: ऑक्सिजन असूनही या पेशी साखर अर्धवट जाळतात. ग्लुकोजचा एक रेणू मायटोकॉन्ड्रियात पूर्ण जाळला तर तीसेक एटीपी सुटतात. अर्धवट जाळून लॅक्टेटवर सोडला तर दोनच. एवढा तोटा का सोसायचा? कारण अर्धवट जाळणं झटपट होतं, आणि वाटेतले अर्धेकच्चे रेणू नवी न्यूक्लिक आम्लं आणि पडदे बांधायला कामी येतात. वाढणाऱ्या गाठीला इंधनापेक्षा विटा जास्त लागतात. पिल्लं काढणाऱ्या विषाणूलाही.

*

आपल्या शेडमधलं उदाहरण रानीखेतचं. मराठीत मानमोडी. १९२६ मध्ये हा आजार जावा बेटावर आणि इंग्लंडात न्यूकॅसलजवळ जवळपास एकदमच नोंदला गेला, आणि पाठोपाठ कुमाऊंतल्या रानीखेतला. मुक्तेश्वरच्या संस्थेत विषाणू कोंबडीच्या गर्भात फिरवून सौम्य केला आणि चाळिशीच्या दशकात लस निघाली. आजही पुलेटना टोचतात ती आर-टू-बी ही त्याच वंशातली.

लसीकरण झालेल्या शेडमध्ये आता जी दिसते ती मान न मोडणारी मानमोडी. मर जवळजवळ नाही, लकवा नाही, हिरवी विष्ठा असली तर थोडी. फक्त अंडी घसरतात आणि कवच बिघडतं. रक्तातली प्रतिद्रव्यं कोंबडीला मरू देत नाहीत, पण अंडनलिकेच्या अस्तरात विषाणू थोडाफार वाढतोच. मालक म्हणतो, "पक्षी तर ठणठणीत आहे." आहेच.

पेशीत काय होतं याचं चित्र गेल्या काही वर्षांत बरंच स्पष्ट झालंय. न्यूकॅसलचा विषाणू शिरला की मायटोकॉन्ड्रिया बिघडतात. बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया पेशी स्वतःच मोडीत काढते, ही तिची रोजची साफसफाईची पद्धत. पण या मोडीबरोबर सर्ट-३ नावाचं प्रथिनही जातं, जे मायटोकॉन्ड्रियातली एंझाइम्स कामात ठेवतं. ते गेलं की पेशी ऑक्सिजनवरचं जाळणं आवरतं घेते आणि साखर अर्धवट जाळण्याकडे वळते. कोरींच्या पंखातलीच गोष्ट, गाठीशिवाय.

*

इन्फ्लुएन्झाची रीत थेट. २००१ मध्ये त्याच्या एका जनुकात दुसरं छोटं प्रथिन दडलेलं सापडलं, पीबी१-एफ२, नव्वदेक अमिनो आम्लांचं. ते सरळ मायटोकॉन्ड्रियात जातं आणि पडद्यावरचा विद्युतदाब उतरवतं. एटीपी त्याच दाबावर बनतो. माणसांत रुळलेल्या काही विषाणूंत हे प्रथिन तुटकं असतं. पक्ष्यांमधल्या बहुतेक विषाणूंत ते पूर्ण आहे.

*

नवापूर, फेब्रुवारी २००६. भारतात एच५एन१ पहिल्यांदा सापडला तो इथे, नंदुरबार जिल्ह्यात. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल, मग हजारो कोंबड्या पुरलेले खड्डे, आणि सगळ्या राज्यात अंड्याचा भाव मातीमोल. २०२१ मध्ये पुन्हा तेच गाव. त्या विषाणूबद्दल या वहीत फारसं नाही, कारण तो सगळ्या अवयवांत एकदम पसरतो आणि कोंबडी एक-दोन दिवसांत मरते. अंडी घटलेली दिसायला कोंबडी जगावी लागते. ऊर्जेचा प्रश्न पडतो तो त्याच्या सौम्य भावंडापायी, एच९एन२ पायी. तो मारत नाही, खोकवतो आणि ट्रे रिकामे ठेवतो.

*

शाळेच्या पुस्तकातलं "मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाघर" हे वाक्य खरं आहे, पण अर्धं. २००५ मध्ये कळलं की विषाणू शिरल्याची वर्दी देणारं एक प्रथिन, माव्हस, मायटोकॉन्ड्रियाच्याच बाहेरच्या पडद्यावर बसलेलं असतं. ऊर्जा जिथे बनते तिथेच धोक्याची घंटा. त्यामुळे विषाणूने मायटोकॉन्ड्रियाला हात घातला की तो इंधन लुटतोय, घंटा बंद करतोय, की दोन्ही, हे सांगणं अवघड होतं. २०१९ मध्ये उंदरांवरच्या कामातून आणखी एक धागा मिळाला: अर्धवट जळलेल्या साखरेचं लॅक्टेट थेट माव्हसला चिकटतं आणि घंटेचा आवाज दाबतं. मग विषाणूने पेशीला लॅक्टेटकडे वळवणं यात त्याचा दुहेरी फायदा.

कोंबडीत भर अशी, की घंटेपर्यंत निरोप नेणारा एक मुख्य दूत, रिग-आय, तिच्याकडे नाहीच. बदकाकडे आहे. इन्फ्लुएन्झाचे अनेक विषाणू बदक अंगावर बाळगून आरामात पोहतं आणि त्याच विषाणूंनी कोंबडी कोसळते, यामागचं हे एक कारण मानतात. कोंबडी एमडीए-५ या दुसऱ्या दूतावर निभावते. २०१० मध्ये हे छापून आलं तेव्हा मला कोंबडीची प्रथमच खरी दया आली.

*

बदकावरून ईडीएस. एग ड्रॉप सिंड्रोम, सालासकट नाव: ईडीएस-७६, कारण १९७६ मध्ये नेदरलँड्समधून पहिली नोंद आली. विषाणू मुळात बदकाचा, अ‍ॅडिनो कुळातला. बदकाला त्याचं काही वाटत नाही. कोंबड्यांत तो मॅरेक्स या आजाराच्या लशीतून आला असावा असा दाट संशय आहे, कारण ती लस बदकाच्या गर्भपेशींत वाढवली जात असे.

जागेचा आणि वेळेचा मुद्दा पटवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. कोंबडी खाते, चालते, तुरा लाल. विषाणू लागण झाल्यावर आठवड्याभराने कवचग्रंथीच्या पेशींत भरमसाट वाढतो. बाकी अंडनलिका बरीचशी शाबूत. त्यामुळे पांढरा आणि पिवळा बलक जवळपास ठीक, आणि कवच गायब. पिंजऱ्याखालच्या जाळीवर सकाळी पापुद्र्यातली अंडी लोळत असतात. बोट लावलं की खळगा पडतो आणि हळूहळू भरून येतो. कित्येक तर कोंबड्याच खाऊन टाकतात, म्हणून आकड्यात ती दिसतही नाहीत. तपकिरी अंड्यांत आधी रंग उडतो, पण आपल्याकडच्या पांढऱ्या लेअरमध्ये ती पूर्वसूचना मिळत नाही. चार ते दहा आठवडे हे चालतं. मग अस्तर नवं येतं आणि कवचही येतं. खाद्य मधल्या काळात बदलून काही होत नाही. ते ग्रंथीपर्यंत पोहोचत होतंच.

*

इन्फेक्शस ब्रॉन्कायटिस, आयबी. कोविडनंतर हे सांगणं सोपं झालंय: कोंबडीचा कोरोना. अमेरिकेत नॉर्थ डकोटात १९३१ मध्ये पहिलं वर्णन, म्हणजे माणसातल्या कोरोनांच्या पुष्कळ आधी. नाव श्वसनाचं, पण लेअरवाल्याला तो नडतो अंडनलिकेत.

अंडं सपाट ताटलीत फोडून बघावं. ताज्या चांगल्या अंड्यात पिवळा बलक उभा राहतो, त्याभोवती जाड पांढऱ्याचं कडं असतं, आणि त्याच्या बाहेर पातळ पांढरा पसरतो. आयबी झालेल्या शेडमधलं अंडं फोडलं तर कडंच नाही. पाणी सगळ्या ताटलीभर आणि बलक त्यात एकीकडे सरकलेला. रेमंड हॉ यांनी १९३७ मध्ये पांढऱ्याच्या उंचीवरून मोजपट्टी बसवली, ती अजून वापरतात. पण शेडवर ताटली पुरते.

यामागे कष्ट किती आहेत ते बघा. पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन ओव्हअल्ब्युमिन, ३८५ अमिनो आम्लांची माळ. एकेक दुवा जोडायला चार एटीपीच्या तोडीची ऊर्जा. म्हणजे एका रेणूला दीड हजारांवर, आणि असे अब्जावधी रेणू आधीच बनवून पेशीत साठवलेले, बलक घसरत येईल त्या तीन तासांत ओतायला. शिवाय नलिकेच्या आतले केस, ज्यांच्या लाटा अस्तरावर चालतात, त्यांची प्रत्येक थरथर एटीपीवर. आयबीचा विषाणू नेमका याच केसाळ पेशींत शिरतो. सूक्ष्मदर्शकाखाली आधी केस झडतात, मग पेशी चपट्या होतात. साखर आणि चरबी रक्तात तशीच वाहत असते.

*

गूळपाणी. हॅचरीतून दूरवरून आलेल्या पिलांना पहिल्या पाण्यात गूळ द्यावा, मीही देतो. आजारी लेअरला मात्र देऊ नये असं माझं मत. कोंबडीच्या रक्तात साखर मुळातच २०० ते २५० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या दुप्पट. माणूस असती तर मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या. तिला साखर कमी पडत नाही. पक्षी खाणं कमी करतो तेव्हा तेल वाढवून खाद्य दाट करणं यात अर्थ आहे. लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांबद्दल लिहिलं तर औषधविक्रेते मित्र रागावतील, म्हणून एवढंच: बाटली सुरू केली आणि तीन आठवड्यांनी प्रॉडक्शन वर आलं, यात तीन आठवड्यांचा वाटा किती हे बाटलीवर छापलेलं नसतं.

*

आजारी कोंबडी अंडी का बंद करते? निम्मं उत्तर असं, की विषाणू बंद पाडतो. उरलेलं निम्मं, ती स्वतः बंद करते. ताप आणि दाहाचे निरोप मेंदूत पोहोचले की बीजांडाला जाणारी संप्रेरकांची हाक मंदावते. यकृत, जे रोज बलकाची चरबी आणि प्रथिनं बनवत होतं, ते संरक्षणाची प्रथिनं बनवायला लागतं. त्यातलं एक ओव्होट्रान्सफेरिन. पांढऱ्या बलकातल्या प्रथिनांत दहा-बारा टक्के वाटा याचाच असतो, आणि आजारात रक्तातही वाढतं. काम एकच: लोह पकडून ठेवायचं, जंतूंना मिळू द्यायचं नाही. अंड्यात पिल्लासाठी, रक्तात स्वतःसाठी.

शवविच्छेदनात ही माघार डोळ्यांनी दिसते. पोट उघडलं की निरोगी लेअरच्या बीजांडात पिवळ्या गोट्यांची उतरंड असते, सगळ्यात मोठी आज-उद्या सुटणारी, मग त्याहून लहान, मग त्याहून. प्रत्येक गोटी भरायला आठ-दहा दिवस लागलेले. आजारी कोंबडीत त्याच गोट्या सैल, सुरकुतलेल्या, काहींवर रक्ताचे ठिपके, काही निस्तेज मातकट. शरीर त्यातली चरबी परत शोषून घेत असतं. ठेव मोडून खर्चाला काढणं चालू असतं.

रानात ही माघार शहाणपणाची. तांबडी रानकोंबडी, पाळीव कोंबडीची मुख्य पूर्वज, वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. (सह्याद्रीत दिसते ती करडी, ती वेगळी जात.) आजारी पडली तर तिने अंडी टाळावीत हेच बरं. आपण निवड करत करत वर्षाला तीनशेवर अंडी देणारी कोंबडी घडवली. म्हणजे न थांबणाऱ्या कोंबड्या निवडल्या. थांबण्याची ती जुनी कळ त्यांच्यात किती शिल्लक आहे, हा प्रश्न मला पोषणतज्ज्ञांच्या सभेत विचारावासा वाटतो. तिथे चर्चा खाद्यातल्या मेथिओनिनवर चाललेली असते.

*

थोडी कुरकुर प्रयोगशाळेबद्दल. विषाणू आणि ऊर्जा यांवरचं पुष्कळसं काम बशीत वाढवलेल्या पेशींवर होतं. कोंबडीसाठी डीएफ-१ ही गर्भाच्या संयोजी ऊतीतून काढलेली पेशी. ती साखरेने गच्च भरलेल्या द्रवात पोहत असते, आणि इतकी साखर मिळाल्यावर पेशी तशाही मायटोकॉन्ड्रियाकडे पाठ फिरवतात. अशा पेशीत "विषाणूने साखर अर्धवट जाळायला लावली" म्हणताना दहादा विचार करावा. शिवाय ती पेशी ना रात्री कॅल्शियम ओतते, ना पांढरा बलक साठवते. तिच्यावरून कवचग्रंथीबद्दल बोलणं म्हणजे अंदाजच.

त्यापेक्षा एक सोय पक्ष्यांनीच करून ठेवलीय. आपल्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसतं आणि मायटोकॉन्ड्रियाही नसतात. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत दोन्ही असतात, आणि ते मायटोकॉन्ड्रिया काम करतात. रानपक्ष्यांचे अभ्यासक पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन ऑक्सिजनचा वापर मोजतात आणि पक्षी सोडून देतात. लेअरच्या कळपात आजाराच्या आधी, मध्ये आणि नंतर हे करून बघायला हवं. रक्तपेशी कवचग्रंथीबद्दल सगळं सांगणार नाहीत, पण त्या बशीतल्या नाहीत. पुन्हा पंखाची शीर, कोरींना आवडलं असतं.

*

ज्या विषाणूंनी अंडी बंद पडतात, त्यांच्या लशी अंड्यातच बनतात. नऊ-अकरा दिवसांचा गर्भ, पडद्यांमधल्या पाण्यात विषाणू टोचायचा, दोन-चार दिवसांनी ते पाणी काढायचं. या गर्भाची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा बलकातल्या चरबीतून येते. म्हणजे लासोटा या रानीखेतच्या लशीची प्रत्येक कुपी कुठल्यातरी कोंबडीच्या यकृताने आठ-दहा दिवस खपून भरलेल्या बलकावर वाढलेली. लस टोचणाऱ्या पोरांना हे सांगितलं. ते हसले आणि पुढचा पिंजरा उघडला.

*

बरं होण्याबद्दल. ईडीएसमधून कळप बहुधा पूर्ण सावरतो. मोठेपणी आयबी झालेला कळप बराचसा सावरतो, जुन्या टक्क्यापर्यंत मात्र क्वचित पोहोचतो. पण आयबी पहिल्या एक-दोन आठवड्यांत, पिल्लू असताना झाला तर गोष्ट वेगळी. अंडनलिकेचा अंकुर तेव्हाच जखमी होतो आणि पुढे ती नीट वाढतच नाही. कुठे दोऱ्यासारखी राहते, कुठे पाण्याची पिशवी होते. चार-पाच महिन्यांनी ही कोंबडी वयात येते. तुरा लाल, कटीची हाडं रुंद, बीजांडात गोट्यांची उतरंड अगदी पुस्तकातल्यासारखी. बलक वेळेवर सुटतो आणि नलिकेत न जाता पोटात पडतो. शरीर तो जिरवतं, पुढचा बनवतं. इंग्रजीत तिला फॉल्स लेअर म्हणतात, आपल्याकडेही तेच.

तिच्या यकृताला काही झालेलं नाही, मायटोकॉन्ड्रिया धडधाकट, रक्तात कॅल्शियम भरपूर. विषाणू तर कधीच निघून गेलाय. ती ११० ग्रॅम खाते. पुलेट घेताना हे ओळखता येत नाही. तिसाव्या आठवड्याला शेड पंच्याहत्तर टक्क्यांवर अडून बसली आणि मर नाही, आजार नाही, तर पाच-सहा दिसायला उत्तम पक्षी निवडून उघडून बघावेत. मालकांना हे सांगणं जड जातं, कारण ते मरतुकडे पक्षी पुढे करतात आणि मी लाल तुऱ्याचे मागतो.